वाघ पाहावयास जाताना



या व्यासपीठावर मला बोलावतात ते बहुधा मजुरी, बोनस, कंत्राटी पद्धत असल्या विषयांवर बोलण्यासाठी. यंदा चालकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "ताडोबाचे जंगल." ते क्षणभर गप्प राहिले. नंतर एकाने हळूच विचारले, "म्हणजे तिथल्या संपाबद्दल का?" संप वगैरे काही नाही. गेल्या मे महिन्यात कल्याण, डोंबिवली आणि अंबरनाथच्या कारखान्यांतले आम्ही अठरा जण वाघ पाहावयास गेलो होतो, त्याबद्दलच मी बोलणार आहे. तथापि ज्याचा जन्म गेट मीटिंगा घेण्यात गेला त्याला जंगलातही कामाची पाळी आणि मजुरी दिसायची थांबत नाही, हा दोष आपण पदरात घ्यावा.

आधी आपल्या घराजवळचे बोलू. घोडबंदर रस्त्यावर वाघबीळ नावाचे ठिकाण आहे, हे ठाणेकरांना सांगावयास नको. विहार तलावाजवळ १९२९ साली पट्टेरी वाघ मारल्याची नोंद आहे. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या हयातीत वाघ या बाजूस फिरत होता. आज येऊरच्या डोंगरावर जो आहे तो बिबळ्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ठाण्यातल्या एका मॉलमध्ये शिरला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला चिंचपाडा भागातल्या एका इमारतीत घुसून त्याने काही जणांना जखमी केले आणि त्याला पकडण्यात सबंध दिवस गेला. आपल्या बोलीत आपण दोघांनाही वाघच म्हणतो. वारली लोकांचा वाघोबाही दोघांचा मिळून एकच देव आहे. पण जनावरे दोन आणि त्यांचे संसारही दोन. बिबळ्या कुत्र्यांवर, डुकरांवर पोट भरतो, नाल्यात, उसात, झोपडपट्टीच्या मागच्या झुडपातही राहतो. पट्टेरी वाघाला मात्र सांबरासारखे मोठे जनावर, बारमाही पाणी आणि दाट सावली लागते. ते ज्या जंगलात आहे, असे महाराष्ट्रातले सर्वांत नामांकित ठिकाण म्हणजे ताडोबा.

आपला आणि ताडोबाचा संबंध काय, असे कोणी विचारील. भिवंडी तालुक्यातले पडघे आपल्याला ठाऊक आहे. तेथे १९९९ पासून चंद्रपूरहून थेट विजेची एक वाहिनी येते. ती सुमारे साडेसातशे किलोमीटर लांब असून तिची क्षमता १५०० मेगावॉट आहे. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र जमिनीखालच्या कोळशावर चालते आणि त्याला पाणी मिळते इरई धरणाचे. त्या धरणाचा फुगवटा ताडोबाच्या मोहर्ली दाराशी जाऊन टेकतो. त्याच पाण्यावर आम्ही संध्याकाळी रानगवे उतरलेले पाहिले. आमच्यातला एक जण वायरमन आहे. तो म्हणाला, "आपला पंखा इथून फिरतो तर!" आमच्या चार दिवसांतले हे सर्वांत शहाणे वाक्य होते.

कल्याणला दुपारी सेवाग्राम एक्सप्रेसमध्ये बसलो आणि पहाटे वर्ध्याला उतरलो. तेथून गाडी बदलून वरोरा. बाबा आमट्यांचे आनंदवन याच वरोऱ्याला. त्यापुढे जीपने मोहर्ली.

ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ साली जाहीर झाले, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. पुढे १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. मूळ उद्यान फक्त ११६ चौरस किलोमीटरचे. त्याला लागून १९८६ साली अंधारी नदीच्या खोऱ्यात अभयारण्य झाले आणि दोन्ही मिळून सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा व्याघ्रप्रकल्प उभा राहिला. हा गाभा. त्याभोवती २०१० मध्ये सुमारे ११०० चौरस किलोमीटरचा पट्टा जोडला. त्या पट्ट्यात गावे, शेते, रस्ते सगळे आहे. ताडोबा हे नाव तारू या गोंडांच्या पुढाऱ्याचे. वाघाशी झुंजताना तो मेला, लोकांनी त्याला देव केले आणि तलावाच्या काठी झाडाखाली त्याचे ठाणे झाले. तेथे पौष महिन्यात आदिवासींची जत्रा भरत असे. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाने वाघांचे घर ओळखले जाते, ही गोष्ट मला फार विचार करण्यासारखी वाटली.

आता वाघ कसा शोधतात ते सांगतो, कारण माझी समजूत सपशेल चुकीची होती. मला वाटे, जीप फिरते, नशीब असले तर वाघ आडवा येतो. प्रत्यक्षात वाघ डोळ्यांनी नव्हे, कानांनी शोधावा लागतो. आमचा वाटाड्या मोहर्लीच्याच बाजूचा, तिशीतला मुलगा. एका वळणावर त्याने गाडी थांबवली, इंजिन बंद करविले आणि बोट ओठांवर ठेवले. पाच मिनिटे, दहा मिनिटे काही नाही. मग उजव्या हाताला चितळाने "टाँव" असा तीक्ष्ण आवाज दिला. आम्ही उठून उभे राहिलो. तो हसला. म्हणाला, "बसा जी. चितळाचं काही खरं नाही. ते पान हललं तरी भेतं." मग झाडाच्या शेंड्यावरून वानराने खाकरल्यासारखा आवाज केला. तरीही तो जागचा हलला नाही. थोड्या वेळाने खोल नाल्यातून सांबराने एकदाच, भरड आवाजात "पोंक" केले, आणि त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "आता चला."

याचे शास्त्र असे. चितळ कळपाने चरते आणि कशालाही बिचकते. वानर उंचावर बसते, त्याला लांबचे दिसते, परंतु ते बिबळ्यालाही ओरडते. सांबर वासावर आणि कानावर चालते, सहसा उगाच ओरडत नाही. म्हणून एकाची साक्ष पुरत नाही. तिघांची जुळली आणि ती एकाच दिशेने सरकू लागली, म्हणजे मधून कोणीतरी चालले आहे असे समजावयाचे. वानर आणि चितळ यांचा तर कायमचा सहकार आहे. वानर झाडावरून निम्मे खाऊन पाला टाकते, तो खाली चितळाला मिळतो. वानराची नजर चितळाच्या कामी येते आणि चितळाचे नाक वानराच्या. यावर मला युनियनचे प्रवचन देता आले असते. पण जंगल शिकवणीसाठी उभे नाही, म्हणून सोडून देतो.

वाघीण आम्हाला दिसली. पाणवठ्यात मागच्या पायांनी उतरून, शेपटीकडची बाजू पाण्यात ठेवून बसली होती. वाघ पाण्यात बसतो तो नेहमी असाच, पाठमोरा शिरून. तोंडावर पाणी आलेले त्याला खपत नाही. ती आमच्याकडे पाहात नव्हती. खरे सांगायचे तर तिच्या लेखी आम्ही नव्हतोच. पण आमच्याखेरीज आणखी पंधरा-वीस जिप्सी गाड्या तेथे दाटल्या होत्या, आणि जो तो "जरा पुढे घ्या, जरा पुढे" म्हणत होता. लोकलच्या दारात ऐकू येतो तोच आवाज. गाभ्यात मोबाइल नेण्यास बंदी आहे, ही फार उत्तम गोष्ट. नाहीतर प्रत्येकाने वाघिणीला पाठ दाखवून स्वतःचा फोटो काढला असता. मोठी यंत्रे गळ्यात अडकवलेले काही गृहस्थ मात्र अर्ध्या तासात एकदाही यंत्र डोळ्यावरून खाली न घेता बसले होते. त्यांनी वाघीण पाहिली असे मी म्हणणार नाही.

उन्हाळ्यात वाघ हमखास दिसतो त्याचे कारण सरळ आहे. ताडोबाचे जंगल पानगळीचे. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू आणि खाली बांबू. एप्रिल-मेमध्ये पाने झडतात, आडोसा उरत नाही. नाले आटतात आणि जनावरांना मोजक्या पाणवठ्यांवर यावेच लागते. म्हणून आपल्यासारखे लोक ४५ अंशांच्या उन्हात पैसे खर्चून तेथे जातात. हा महिना लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यावयाचे आहे.

एका वाघाला आठवड्याला साधारण एक मोठे जनावर लागते, म्हणजे वर्षाला पन्नासएक. पन्नास मारूनही कळप कायम राहावयाचा तर त्या वाघाच्या वाट्याला सुमारे पाचशे जनावरे जंगलात हवीत. पाचशे जनावरांना गवत हवे, पाणी हवे. म्हणून वाघ वाचवणे म्हणजे वाघाभोवती कुंपण घालणे नव्हे, गवतापासून सुरुवात करणे होय. दुसरे असे की वाघ वाटणी मान्य करीत नाही. पिल्ले दोन वर्षांची होईतो आईजवळ राहतात, मग त्यांना आपली जागा शोधावी लागते. गाभा भरला की तरुण वाघ बाहेर पडतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ, ज्याच्या गळ्यात पट्टा होता, तो २०१९ साली निघाला आणि तेलंगणात वळसा घालून, तीन हजार किलोमीटरांवर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. कामाच्या शोधात गाव सोडलेला माणूस असाच फिरतो. फरक इतकाच की त्याला वाटेत शेते, रेल्वेचे रूळ आणि महामार्ग चार पायांवर ओलांडावे लागले. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरी भागातल्या दोन वाघिणी सरकारने उचलून नागझिऱ्याला नेऊन सोडल्या, त्याच्या मागेही हीच दाटी होती.

वाघ मोजतात कसे? पूर्वी पंजाचे ठसे काचेवर उतरवून मोजत. राजस्थानात सरिस्काच्या जंगलात एकही वाघ उरला नाही हे २००५ साली उघड झाले, तेव्हा त्या मोजणीची अब्रू गेली. आता वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात. वाघ मधून गेला की दोन्ही कुशींचे फोटो निघतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे, त्यामुळे एकच वाघ दोनदा मोजला जात नाही. या पद्धतीने २००६ साली देशात १४११ वाघांचा अंदाज निघाला आणि २०२२ साली ३६८२ चा. महाराष्ट्रात २०१८ साली ३१२ होते, ते २०२२ मध्ये ४४४ झाले. आकडे आनंदाचे आहेत आणि मला ते मान्य आहेत.

परंतु कॅमेरा बांधण्याआधी जंगलात कोणीतरी चालावे लागते. ठसे, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे पाहात, ठरलेल्या रेषेवरून, पायी. २० नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी कोलारा भागात एक महिला वनरक्षक तीन मदतनिसांना घेऊन याच कामावर निघाली होती. चारएक किलोमीटर गेल्यावर वाटेवर सुमारे दोनशे मीटर पुढे वाघीण बसलेली दिसली. ते थांबले. अर्धा तास वाट पाहिली. वाघीण उठेना, तेव्हा झाडीतून वळसा घेऊन पुढे जावयाचे ठरले. वाघिणीला चाहूल लागली, ती मागून आली आणि तिने त्या बाईला उचलून नेले. ही वाघीण कोणी अनोळखी नव्हती. माया या नावाने पर्यटकांत ती इतकी प्रसिद्ध होती की तिची छायाचित्रे देशभर गेली होती. जिप्सीत बसलेल्या हजारो लोकांना तिने कधी काही केले नाही. जिप्सीतला माणूस तिच्या डोळ्यांना गाडीचाच एक भाग वाटतो. पायी चालणारा माणूस निराळा.

या एका प्रसंगावर मी परतीच्या गाडीत रात्रभर विचार करीत होतो. कारखान्यात अपघात झाला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो : काम थांबविण्याचा अधिकार कोणाला होता? यंत्र बिघडलेले दिसत असताना कामगाराने "आज नाही" म्हटले तर त्याची हजेरी कापली जाते की नाही? अर्धा तास वाट पाहून माघारी फिरणे आणि त्या दिवशीची रेषा अपुरी सोडणे, हे त्या चौघांना निर्धास्तपणे करता आले असते काय? मी तेथे नव्हतो, म्हणून उत्तर देत नाही. पण हा प्रश्न वाघाचा नाही, कामाच्या नियमांचा आहे.

आणि आता तो मे महिना. ज्या कारणाने तेव्हा आपण वाघ पाहावयास जातो, त्याच दिवसांत जंगलाच्या कडेची बाई तेंदूची पाने तोडावयास जाते. विडी ज्यात वळतात ते हे पान. त्याचा हंगाम उन्हाळ्यातल्या थोड्याच दिवसांचा. मजुरी दिवसावर नाही, पुडक्यावर. पाने मोजून पुडके बांधावयाचे आणि फळीवर नेऊन शेकड्याच्या भावाने द्यावयाचे. नगावर मजुरी असली की माणूस काय करतो, हे आमच्या डोंबिवलीच्या कोणत्याही बाईंडरला विचारा. तो घड्याळाच्या आधी कामाला लागतो आणि जेवणाची सुट्टी खातो. तशीच ही बाई पहाटेच, ऊन चढण्याआधी जंगलात शिरते. वाघाची फिरण्याची वेळही तीच. पान तोडावयास वाकली की ती दोन पायांची दिसत नाही. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले वेचतानाही हेच होते. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. सरकार अशा मृत्यूस २५ लाख रुपये देते. ही रक्कम आंदोलने होऊन वाढत वाढत येथवर आली आहे आणि ती द्यावयासच हवी. परंतु नुकसानभरपाई म्हणजे सुरक्षितता नव्हे, एवढे तरी आमच्या क्षेत्रातला माणूस ओळखतो. टोळीने जाणे, उजाडल्याशिवाय आत न शिरणे, ज्या भागात वाघीण पिल्लांसह आहे तो भाग त्या हंगामापुरता वगळणे आणि वगळलेल्या दिवसांची मजुरी मिळणे, या गोष्टी निराळ्या आहेत. शेवटची मिळत नाही तोवर आधीच्या तिन्ही कागदावरच राहतात.

वनमजूर म्हणून जे राबतात त्यांच्याविषयी थोडे सांगतो, कारण ते कायद्यात आहे आणि फार थोड्यांना ठाऊक आहे. पाणवठे भरणे, जाळरेषा काढणे, वणवा विझवणे, रोपे लावणे ही कामे रोजंदारीवर होतात. महाराष्ट्रातल्या अशाच काही वनमजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. सरकारचे म्हणणे असे की वनखाते राजाची कर्तव्ये बजावते, तो काही उद्योग नव्हे, म्हणून कामगार कायदे लागू नाहीत. डिसेंबर १९९५ मध्ये न्यायालयाने ते नाकारले. ज्या योजनांवर ते मजूर होते तेथे हा उद्योगच आहे आणि माणसांना वर्षानुवर्षे हंगामी ठेवून कायमपणाचे हक्क नाकारणे ही १९७१ च्या कायद्याखाली अनुचित कामगार प्रथा आहे, असा निवाडा दिला. झाडे लावणाऱ्याला कामगार म्हणवून घेण्यासाठी दिल्लीपर्यंत जावे लागले.

गाभ्यातल्या गावांचे स्थलांतर हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. २००७ साली बोटेझरी आणि कोळशातली काही कुटुंबे भगवानपूरला वसविली, पुढे आणखी गावे उठली. कुटुंबामागे १० लाख रुपये देत असत, २०२१ पासून ते १५ लाख झाले. गाव उठले तेथे दोन-तीन वर्षांत गवताचे कुरण होते, चितळे येतात, मागोमाग वाघ येतो, हे मी पाहिले. ज्यांनी गाव सोडले त्यांना मी भेटलो नाही, तेव्हा दुसरी बाजू सांगण्याचा मला अधिकार नाही.

पुष्कळ जण व्यवहाराचे विचारतील. फेऱ्या दोनच, सकाळची आणि दुपारची. एका जिप्सीत सहा जण बसतात, वाटाडा आणि चालक निराळे. खर्च सहा जणांत वाटूनही कंत्राटी मजुराच्या कित्येक दिवसांच्या कमाईइतका पडतो. आम्ही वर्षभर दरमहा थोडे थोडे बाजूला टाकले म्हणून जमले. नोंदणी बरीच आधी करावी लागते. पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, गाभा बंद असतो, भोवतालच्या पट्ट्यातल्या काही वाटा सुरू राहतात. भडक कपडे आणि अत्तर नको. वाघ न दिसला तर वाटाड्यावर चिडू नये. रानकुत्र्यांची टोळी, अस्वल, तलावाच्या काठी ऊन खात पडलेली मगर, हेही पाहण्यासारखेच आहे. मला तर वाघिणीपेक्षा कडयाचे पांढरेफटक झाड अधिक वेळ आठवत राहिले.

आणि मंगळवारी उद्यान बंद असते. हे समजल्यावर मला फार बरे वाटले. जेथे साप्ताहिक सुट्टी आहे तेथे काहीतरी शिस्त आहे, अशी माझी जुनी खूण. निघताना मी त्या वाटाड्या मुलाला म्हणालो, "म्हणजे तुम्हाला मंगळवारी आराम."

तो म्हणाला, "आराम कसचा भाऊ. मंगळवारी तेंदूले जातो. माय एकटी जाते ना बाकीच्या दिशी."